कॅमेऱ्याच्या बाजूला

"ताई, सूप थांबतंय," नचिकेत म्हणाला.

सकाळपासून तो हे एकच सांगत होता, आणि दर वेळी तितक्याच नम्रपणे. सुकेशनी एंगडेने मान डोलावली, सुपातली तूर सारखी केली, पदर खोचला आणि पुन्हा पाटावर बसली. दिग्दर्शक वयाने तिच्या भाच्याएवढा होता. ओरडणारा दिग्दर्शक असता तर तिला सोपं गेलं असतं. ओरडा कसा अंगावरून जाऊ द्यायचा हे तिला ठाऊक होतं; अदबीचं काय करायचं हे तिला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

प्रसंग छोटा होता. आई अंगणात तूर पाखडत बसलेली. मुलगी पिशवी घेऊन बाहेर येते. तिला पुण्यात नर्सची नोकरी लागली आहे आणि ती आता इथे राहायला परत येणार नाही, हे दोघींनाही माहीत आहे. मुलगी म्हणते, येते मी. आई पाखडायची थांबत नाही. पाखडता पाखडताच दोन-चार वाक्यं बोलते आणि लेकीला जाऊ देते. नचिकेतच्या म्हणण्याप्रमाणे अख्खा सिनेमा त्या न थांबलेल्या सुपात होता.

आणि सुकेशनीचा हात तर वाक्य आलं की थांबत होता. ती थांबवत नव्हती, तो आपला आपण थांबत होता.

का थांबतो हे तिला नेमकं कळत होतं, म्हणूनच जास्त वैताग येत होता. पंचवीसेक वर्षं तिने मालिकांमध्ये काढली होती. तिथे संवादावर भांड्याचा आवाज आला की साउंडवाला पहिली शिवी हाताला घालायचा. स्वयंपाकघरातल्या प्रसंगात कढईखाली फडकं ठेवायचं, बांगड्या काढायच्या, लाटणं पोळीवर टेकवायचं पण बोलताना फिरवायचं नाही. बोलणं झालं की चेहरा तसाच धरून ठेवायचा, म्हणजे संकलकाला कापायला जागा मिळते. समोरची बोलली की तिच्या बोलण्यावरही चेहरा धरायचा. धक्का, संशय, काळजी, कावेबाजपणा, असे सुकेशनीकडे धरायचे चेहरे तयार होते आणि त्यावरच तिचं पोट चाललं होतं. "एंगडेताईंची रिॲक्शन घेऊन ठेवा," असं सेटवर म्हटलं जायचं, मीठ काढून ठेवा म्हटल्यासारखं.

चुडाव्याची ही मुलगी. वडील तात्याराव रेल्वेत गँगमन, जयंतीच्या दिवसांत जलशात गाणारे. परभणीला कॉलेजात असताना युवक महोत्सवात तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच्या जोरावर ती मुंबईला गेली. पहिल्या सिनेमात नर्स, दुसऱ्यात नर्स, तिसऱ्यात नर्सच पण जरा बोलणारी. मग मालिका आल्या आणि तिला नाती मिळाली: आत्या, मावशी, शेजारची काकू, नायिकेची सावत्र सासू. लोक बाजारात ओळखायचे, पण नावाने नाही. "तुम्ही त्या त्याच ना," असं म्हणून थांबायचे. ती म्हणायची, हो, त्याच.

आणि आता, केस रंगवायचं सोडून दिल्यावर, हा सिनेमा आला होता. आईचं काम. पहिल्या दृश्यापासून शेवटच्यापर्यंत. चित्रीकरण पालमजवळच्या गावात, तिच्या गावाहून जीपने जाऊन यावं इतकं जवळ. चुडाव्यात ही बातमी तिच्या आधी पोचली. भाऊ सिद्धोधन शाळेत शिक्षक; त्याने स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि रविवारी आईला चित्रीकरण बघायला घेऊन येतो असं परस्पर ठरवून टाकलं. आई कुसुमबाई ऐंशीच्या पुढची. लेकीची एकूण एक मालिका तिने बघितली होती आणि तिची तक्रार वर्षानुवर्षं एकच होती: "तुला बोलू कामून देत न्हाईत गं? नुसतं बघायला लावतेत."

रविवारी आई येणार, आणि तोवर हे सूप हलतं राहायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते हलतं राहिलं नाही.

*

ज्या घरात चित्रीकरण चाललं होतं ते बापू आणि अनसूयाबाई या जोडप्याचं. अनसूयाबाई सुकेशनीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असाव्यात. पहिल्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे गाव विचारलं, मग कोणाच्या म्हणून विचारलं. सुकेशनीने वडिलांचं नाव आडनावासकट सांगितलं. अनसूयाबाईंनी एकवार बापूंकडे बघितलं, मग साखर किती लागते ते विचारून त्यांनी चहा आणला, घरातल्याच कपातून. तेव्हापासून त्या तिला मॅडम म्हणत. घर सिनेमावाल्यांना दिलं म्हणून त्यांची कामं थांबली नव्हती. अंगणात सुकेशनी पाखडायचं नाटक करायची आणि ओसरीवर अनसूयाबाई तीच तूर खरोखर पाखडायच्या. साउंडवाला वैतागून त्यांना थांबवायचा. त्या थांबायच्या आणि कॅमेरा बंद झाला की पुन्हा सुरू करायच्या, कारण तूर काही सिनेमा संपायची वाट बघणार नव्हती.

जेवण झाल्यावर वैदेही आली. ही नचिकेतची सहायक, पुण्याची, कामात चोख, खोटं बोलायला अजून न शिकलेली. तिने सुकेशनीच्या खांद्याकडे बघत सांगितलं की दुपारचं ऊन सरकलंय म्हणून नचिकेतला नुसता उजेड तपासायचा आहे. ताईंनी उगाच उन्हात बसू नये. पाटावर अनसूयाबाईंना बसवू. लेकीचं काम करणारी मुलगी उद्या येणार आहे, तर तिची वाक्यं तेवढी ताई म्हणतील का?

"क्यू द्यायचा आहे म्हणजे," सुकेशनी म्हणाली.

"हो. म्हणजे नुसतं उजेडासाठी."

क्यू देणं म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला, चौकटीबाहेर उभं राहून समोरच्यासाठी आपली वाक्यं म्हणणं. ज्याच्यावर कॅमेरा आहे त्याला बघायला कुणीतरी हवं, ऐकायला काहीतरी हवं. मोठी नटी स्वतःचं काम संपलं की व्हॅनमध्ये निघून जाते. मग उरलेल्यांना प्रॉडक्शनचा एखादा माणूस वाणसामानाची यादी वाचल्यासारखा क्यू देतो, आणि त्याच्याकडे बघून आपण रडायचं असतं. सुकेशनी रडत आली होती. तिने स्वतः मात्र कुणाचा क्यू कधी वाया घालवला नव्हता. ती तिथे उभी राहून पूर्ण बोलायची, जे कुणाला कधी दिसणार नव्हतं.

ती कॅमेऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं. उजेड तपासायला कुणी फीत लावून चेहऱ्यापर्यंतचं अंतर मोजत नाही. उजेड तपासायला साउंडवाला बाईच्या पदराआड माइक लपवत नाही. नचिकेतने हेडफोन घातले होते. तो सुकेशनीकडे बघत नव्हता, आणि सकाळपासून त्याने असं बघायचं टाळण्याची ही पहिलीच वेळ होती.

म्हणजे ही परीक्षा होती, आणि ती तिच्याच पाटावर दुसरीची चालली होती.

अनसूयाबाई अगदी मोकळ्या बसल्या होत्या. त्यांना एवढंच सांगितलं होतं की ही तुमची लेक आहे असं समजा, ती निघते म्हणेल, तुम्हाला वाटेल ते बोला, हात चालू ठेवा. त्यांनी विचारलं होतं, तूर हीच घेऊ ना? ही पाखडलेली हाय, ती दुसरी आणते. आणि त्या न पाखडलेली तूर घेऊन आल्या.

सुकेशनीला राग आला नाही. राग यायला जी ताकद लागते ती सकाळच्या उन्हात गेली होती. तिला फक्त स्वच्छ दिसलं की हे काम अजून तिच्या हातात आहे. नवख्या माणसाला कोरडा क्यू मिळाला की त्याचं काय होतं हे तिने पुष्कळदा बघितलं होतं. डोळ्यांत न बघता भुवईच्या जरा वर बघायचं. सगळ्या शब्दांना सारखं वजन द्यायचं. वाक्याचा शेवट कुठेच टेकवायचा नाही. नवख्याला धरायला काही सापडत नाही, मग तो कॅमेऱ्यात बघतो, हसतो, "काय म्हणू?" असं विचारतो, आणि संपतं. कुणाला काही कळत नाही. त्यात वाईट असं काही करावंही लागत नाही, चांगलं करायचं तेवढं राहू द्यायचं.

रविवारी आई येणार होती.

"कधीही, ताई," नचिकेत म्हणाला.

सूप हलायला लागलं. फोलपट उडून अनसूयाबाईंच्या पायाशी पडत होतं.

सुकेशनीने त्यांच्या कपाळाकडे बघितलं. "आई, येते मी," ती म्हणाली. एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तशी.

सूप हलत राहिलं.

"बस येईल. निघते," सुकेशनीने पुढचं वाक्य टाकलं, त्याच सुरात.

अनसूयाबाईंनी मान वर केली. कॅमेऱ्याकडे नाही, तिच्याकडे. हात थांबला नाही. कपाळावर एक आठी आली, जी तिथे नेहमीचीच होती.

"काय गं, बरं वाटंना का तुला?"

असं वाक्य कागदावर नव्हतं.

"आवाज कामून असा उतरलाय? सकाळपून बघायले मी. जेवताना बी नुसती चिवडत बसलीस."

आजवर मॅडम म्हणणाऱ्या बाईने तिला 'तू' म्हटलं होतं. लेक समजा असं त्यांना सांगितलं होतं, त्या समजत होत्या. की लेक समजायचं त्या विसरून गेल्या होत्या आणि खरोखरच विचारत होत्या, हे सुकेशनीला ओळखता आलं नाही. तिची नजर भुवईवरून खाली घसरली आणि डोळ्यांना भिडली.

"भूक न्हाई," ती म्हणाली. हा आवाज तिने ठरवलेला नव्हता.

"भूक कशी नसंल. भाकर बांधून देते, गाडीत खा."

"उशीर व्हायलाय."

"व्हतंय तर व्हऊ दे की." सूप दोनदा जोरात हललं, मग हळू. अनसूयाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुला काय, गेल्याबिगर राहायचं न्हाई. जा. पोचलीस की सांग."

त्यानंतर त्यांनी वर बघितलंच नाही. सूप हलत होतं. नचिकेतने 'कट' म्हणायला इतका वेळ घेतला की शेवटी तूरच संपली, आणि अनसूयाबाई सूप उपडं करून पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "झाला का तुमचा उजेड बघून?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नचिकेतने हेडफोन काढले आणि साउंडवाल्याला फक्त विचारलं, मिळालंय ना? साउंडवाल्याने मान हलवली. मग सगळे जण काहीतरी उचलायला, ठेवायला, गुंडाळायला लागले.

*

सुकेशनी गोठ्याच्या सावलीत बाजेवर बसली आणि कापसाने तोंडावरचा रंग पुसू लागली. आता तो ठेवण्यात अर्थ नव्हता. वैदेही चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

"अनसूयाबाई हो म्हणाल्या का?" सुकेशनीनेच विचारलं.

वैदेहीचे डोळे भरून आले. सुकेशनीने तिच्या हातातला चहा काढून घेतला, कारण तो सांडणार होता, आणि नचिकेतला पाठव म्हणून सांगितलं.

तो आला, मातीतच बसला. बरंच बोलला. त्याचा दोष आहे, लिहितानाच त्याने चूक केली, ताईंच्या कामाबद्दल त्याला किती आदर आहे. करार आहे तसाच राहील. शेजारणीचं काम आहे, दोन चांगले प्रसंग आहेत, तो ते वाढवेल. सुकेशनीने त्याला वाढवू नको म्हणून सांगितलं. शेजारीण जेवढी असते तेवढीच बरी दिसते. मग त्याला जे खरं बोलायचं होतं ते आलं.

"पण ताई, तुम्ही क्यू काय दिलात. एवढा कोरडा. त्यांना स्वतःहून शोधायला लागलं. मुद्दाम तसा दिलात ना?"

"हो," सुकेशनी म्हणाली. "मुद्दामच दिला."

"मला वाटलंच. हा अनुभव." त्याचा चेहरा उजळला. "आणि एक आहे. त्या म्हणतायत, ती बाई समोर असेल तरच करते. त्या नव्या पोरीकडे बघून आपल्याला बोलता येणार नाही म्हणाल्या. तर पूर्ण सिनेमाभर क्यू तुम्ही द्याल का? असाच?"

सुकेशनीने चहा पिऊन टाकला. तो गार झाला होता. सांगते, असं ती म्हणाली. तो गेला.

तिला हसू यायला हवं होतं असं तिला वाटलं. आयुष्यात एकदाच तिने कुणाचा क्यू वाया घालवायचं ठरवलं आणि त्याच्यासाठी तिला शाबासकी मिळाली. ही गोष्ट सांगण्यासारखी होती, पण सांगायची कुणाला?

थोड्या वेळाने अनसूयाबाई आल्या. हातात ताटली, त्यात भाकरी, पिठलं आणि कांदा. ताटली बाजेवर ठेवून त्या समोर उकिडव्या बसल्या. पुन्हा 'तुमी'वर आल्या होत्या.

"खावा. दुपारी तुमी न्हाईच जेवल्या." मग जरा थांबून, "माझ्यापायी तुमचं काम गेलं म्हणं की वो. ती पोरगी रडायली तिकडं. मला काय ठावं? मला म्हणले, उजेड बघायचाय."

"मलाही तसंच म्हणाले."

"मी सांगते त्याला न्हाई जमत म्हणून. आमचे हे बी म्हणायलेत, लोक नावं ठेवतेल. तुमी फक्त सांगा, आत्ता जाऊन सांगते."

त्या खरंच सांगणार होत्या. सुकेशनीने तोडलेला भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं, शब्दही लागला नसता. मग उद्या सकाळी ती पाटावर बसली असती आणि नचिकेत त्या नम्र आवाजात म्हणाला असता, ताई, सूप थांबतंय. परवाही म्हणाला असता. रविवारी आईच्या देखत म्हणाला असता. आणि आता त्याला माहीत होतं की न थांबलेलं सूप कसं दिसतं. तिलाही माहीत होतं.

तिने तुकडा पिठल्यात बुडवला. "नका सांगू. तुमीच करा. मला ते सूप काही जमंना."

"एवढं बी जमंना?" अनसूयाबाईंना खरोखर नवल वाटलं. "मंग सासूनं नांदवलं तरी कसं तुमाला?"

"लग्नच केलं न्हाई. सासू मीच असते, टीव्हीत."

अनसूयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, मग गंभीर झाल्या. "पर तुमी समोर उभ्या राहा बरं का. तुमाला बघितलं की मला बोलायला येतं. तुमचं तोंडच असं हाय."

"कसं?"

"जेवला का म्हणून विचारावं वाटतं असं," त्या म्हणाल्या आणि ताटलीकडे बोट दाखवून उठल्या. त्यांची एक पाटी तूर अजून राहिली होती.

*

ऊन उतरल्यावर तिने ओसरीजवळच्या पायरीशी उभं राहून चुडाव्याला फोन लावला. सिद्धोधनने लगेच उचलला. आक्का, जीप ठरवली आहे, तो म्हणाला. आईने लुगड्याला इस्त्री करून घेतली आहे, शाळेतले दत्तराव सर पण येतो म्हणतायत, चालेल ना? सुकेशनीने त्याला सांगितलं की काम बदललं आहे. आईचं काम आता दुसरी बाई करणार आहे. मी शेजारीण आहे.

मग, कुणी केलं, कशामुळे केलं, आपण काही बोलायला पाहिजे का, असं तो विचारू लागला. त्याच्या आवाजात आडनावाचा जो जुना संशय आला तो तिला ओळखीचा होता, आणि कितीतरी वेळा तो खराही निघाला होता. या वेळी तसं नाही, असं तिने सांगितलं. ती बाई चांगलं करते. खरंच. त्याला ते पटलं नाही, पण तेवढ्यात फोन त्याच्या हातातून गेला.

"रविवारी येऊ की नगं?" कुसुमबाईंनी विचारलं.

"तुला बघायला काही न्हाई गं आता."

"मंग तू काय करायलीस तिथं?"

"समोर उभी राहते. कॅमेऱ्याच्या बाजूला. मी बोलले की ती बाई बोलती."

"आन् तू दिसत न्हाईस?"

"न्हाई."

"तुझं बोलणं तरी येतं का शिनेमात?"

"ते पण न्हाई. ते दुसऱ्या पोरीचं घालतेल."

पलीकडे मालिकेचं संगीत चालू होतं, संध्याकाळची वेळ होती. कुणीतरी आवाज कमी केला. सुकेशनी वाट बघत राहिली. बोलू का देत नाहीत, हे आता येईल, आणि त्याला द्यायचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. सवय झालीय आई, हे काम पण लागतंच कुणाला तरी, तू काळजी करू नको.

"दिवसभर उभीच असतीस?" आईने विचारलं.

"व्हय."

"पाय दुखत असतेल."

अंगणात अनसूयाबाई उरलेली पाटी घेऊन बसल्या होत्या. कॅमेरा केव्हाच पेटीत गेला होता. सुकेशनीचं तयार उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथून मागे गेलं.

"लय दुखतेत," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली.